स्नूकरच्या स्पर्धा, नोकरी आणि घर : तुमचे अनुभव लिहा

नॅशनल्सचा, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा ड्रॉ (कुणाचा सामना कुणाशी, त्याची यादी) लागला की घरी दोन प्रश्न येतात. गटात कोण कोण आहे, आणि तू परत कधी येणार? पहिल्याचं उत्तर कागदावर असतं. दुसऱ्याचं माझ्याकडेही नसतं. आधी गटातले सामने, मग नॉकआउट. हरले तर उद्या सकाळची गाडी, जिंकले तर मुक्काम वाढला. म्हणजे जितकं चांगलं खेळावं तितकं घरी पोचणं लांबतं. रजेच्या अर्जावर 'पासून' लिहिता येतं, 'पर्यंत'पाशी पेन अडतं.

मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते, स्पर्धात्मक स्नूकर खेळते आणि माझी मुलगी चौथीत आहे. या खेळाचा सरावही घरी करता येत नाही. पूर्ण मापाचं टेबल १२ बाय ६ फुटांचं, आणि चारी बाजूंनी क्यू, म्हणजे खेळायची काठी, मागे घ्यायला जागा धरली तर साधारण २२ बाय १६ फुटांची मोकळी खोली हवी. आपल्या फ्लॅटांत ती कुठून आणायची? त्यामुळे स्पर्धा नसते तेव्हाही खेळायचं म्हणजे घराबाहेरच असायचं.

रिॲन एव्हान्स यांनी २००५ ते २०१४ अशी सलग दहा वर्षं महिलांचं जागतिक विजेतेपद राखलं, आणि त्याच काळात त्या आई झाल्या. त्यांच्याविषयी वाचताना मला ब्रेकच्या (एका पाळीत सलग मिळवलेल्या गुणांच्या) आकड्यांपेक्षा हेच जाणून घ्यावंसं वाटतं की बाळ लहान असताना त्या सराव कधी करायच्या आणि बाळ कुणाजवळ असायचं. ते मात्र कुणी लिहीत नाही. तेव्हा खेळाडू, त्यांचे नवरे-बायका, आईवडील, रेफरी, स्नूकर पार्लरवाले, सगळ्यांनी लिहा. स्कोअर नकोत. रजा, पैसे, मुलं, तिकिटं यांचं लिहा.

ठाणे, केंद्र सरकारी कार्यालय

ताई, 'पर्यंत'चा प्रश्न अगदी ओळखीचा. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली तर आम्हाला विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते, वर्षाला ३० दिवसांपर्यंत. पण माझ्या ऑफिसात ओपन, म्हणजे निवडीशिवाय कुणालाही खेळता येणाऱ्या, स्पर्धा त्यात धरत नाहीत. मुंबईतल्या एनएससीआय क्लबची बॉल्कलाइन स्पर्धा म्हणा, सीसीआय क्लबची स्नूकर क्लासिक म्हणा, देशभरातले नावाजलेले खेळाडू तिथे येतात, आणि मी मात्र हाफ डे टाकून खेळतो.

मी आयोजकांना आधीच फोन करून संध्याकाळचा शेवटचा सामना मागून घेतो. बहुतेक जण समजून घेतात. वेस्टकोट आणि बो टाय ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असतात. त्रास होतो तो क्यूचा. माझा थ्री-क्वार्टर जोडाचा आहे, म्हणजे मधोमध न सुटता एक तुकडा लांब राहतो, त्यामुळे पेटी लांबलचक. गर्दीच्या लोकलमध्ये ती वरच्या रॅकवर टाकायची छाती होत नाही, कुणी तिच्यावर बॅग आदळली तर? म्हणून दोन पायांच्या मधे उभी धरून, वरच्या टोकावर तळवा ठेवून चर्चगेटपर्यंत जातो. उतरलो की बोटं आखडलेली असतात आणि थोड्याच वेळात त्याच हाताचा ब्रिज (टेबलावर क्यूला दिलेला बोटांचा टेकू) करायचा असतो. क्लबमध्ये पोचल्यावर मी आधी कोमट पाण्याखाली हात धरतो. सराव करायला मिळाला नाही तरी चालेल, हे मी चुकवत नाही.

ऑइल कंपन्या आणि रेल्वेमध्ये खेळाडू म्हणून नोकरी असलेल्यांचं गणित वेगळं. बिलियर्ड्स-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणी ओएनजीसीत आहेत. अशा नोकऱ्या आहेत म्हणून आपल्याकडे हा खेळ टिकला, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी आपल्या साहेबाला ड्रॉचा कागद दाखवून समजवावं. माझ्या साहेबांना नॉकआउट म्हणजे काय हे एकदा नीट कळलं, त्यानंतर रजा वाढवायचा फोन केला की ते उलट "पुढचा सामना कुणाशी?" असं विचारतात.

नाशिक, खेळाडूची बायको

माझे मिस्टर क्यू स्कूलसाठी बँकॉकला जाऊन आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोफेशनल टूरवर, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धामालिकेत, जायचं तर कार्ड लागतं, ते दोन वर्षांचं असतं, आणि ते मिळवायचा एक रस्ता म्हणजे क्यू स्कूल. नावात स्कूल असलं तरी ती पात्रता स्पर्धा. तिथे बक्षिसाची रक्कम नाही. प्रवेश फी आपली, विमान आपलं, हॉटेल आपलं. शिवाय ती एकच नसते, एकामागून एक इव्हेंट असतात. पहिल्यात पहिल्याच दिवशी हरलात तरी घरी यायचं नाही, कारण दुसरा तोंडावर असतो. तोवर खोलीचं भाडं चालू.

हे सगळं येतं उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे नेमकी आपल्याकडे शाळा उघडायची वेळ. वह्या, दप्तर, रेनकोट, फीचा हप्ता, सगळं एकदम. आम्ही जानेवारीतच बसून ठरवलं की एफडीतले किती पैसे या एका प्रयत्नासाठी आणि कितीला हात लावायचा नाही. आकडा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सासूबाईंना हे पटलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, लग्न झालेल्या माणसानं असला जुगार करू नये. मी त्यांना सांगितलं, "आई, जुगारात किती जाणार ते माहीत नसतं. आपल्याला माहीत आहे."

कार्ड मिळालं नाही. कपाटावरच्या आकड्याबाहेर एक रुपयाही गेला नाही, आणि पुढच्या वर्षीही जायचं की नाही यावर आम्ही भांडण न करता बोलू शकलो ते त्या कागदामुळे. कुणी हा विचार करत असेल तर जाण्याआधी आकडा लिहा, दोघांनी मिळून.

लेस्टर, इंग्लंड

मी इथे आयटीत आहे. भारतातून आलेले एक-दोन खेळाडू आमच्याकडे राहून गेले, म्हणून लिहितो. टूरवर सव्वाशेच्या आसपास खेळाडू असतात. बहुतेक स्पर्धा ब्रिटनमध्ये आणि चीनमध्ये, आणि टीव्हीवर दिसते त्याच्या आधी पात्रता फेरी वेगळी, वेगळ्या आठवड्यात, लेस्टर नाहीतर बार्न्सलीसारख्या गावी. दोन सामन्यांमध्ये बारा-पंधरा दिवसांची फट पडते. मुंबईला जाऊन यायचं तर तिकीट महाग, जेट लॅग वेगळा, आणि इथे थांबायचं तर भाडं आणि एकटेपणा. टीव्हीवर बघणाऱ्याला ही मधली फट दिसतच नाही.

चीनच्या डिंग जुनहुईनं इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बस्तान बसवलं, चीनची पुष्कळ मुलं तिथेच राहून सराव करतात. एकमेकांना धरून राहता येतं, आपलं जेवण मिळतं. भारतीय खेळाडू मोजकेच, त्यामुळे तसा गोतावळा नाही. अडवाणी २०१२ मध्ये टूरवर आले आणि २०१४ मध्ये कार्ड सोडून परत गेले. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय पूर्ण पटतो. परत गेल्यावर २०१५ मध्ये त्यांनी इजिप्तमधल्या हुरघाडाला आयबीएसएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेचं (टूरबाहेरचं) जागतिक विजेतेपद जिंकलं, अंतिम सामन्यात समोर चीनचा झाओ शिनटाँग होता. तोच झाओ २०२५ मध्ये क्रूसिबलला, म्हणजे शेफील्डच्या ज्या नाट्यगृहात टूरची जागतिक स्पर्धा होते तिथे, जगज्जेता झाला. घराजवळ राहून खेळणारा माणूस कमी दर्जाचं खेळतो, हे मला कुणी सांगू नये. दुसरीकडे मुंबईच्या आदित्य मेहतानं टूरवर राहूनच २०१३ मध्ये दिल्लीला इंडियन ओपनची फायनल गाठली. आणि आता मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ पासून टूरवर आहे. प्रत्येकाच्या घरचं गणित निराळं.

आमच्याकडे राहिलेल्या एकाची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. सामना संध्याकाळी सातचा असला की भारतात रात्रीचे साडेअकरा, ती झोपलेली. म्हणून तो दुपारी जेवण आटोपून फोन उभा ठेवायचा, ती तिकडे संध्याकाळचा वरणभात खायची आणि हा तिला टेबलावरचे रंग विचारायचा. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. ती रंग याच क्रमानं शिकली.

कोल्हापूर, ज्युनिअर खेळाडूचे वडील

थोडक्यात लिहितो. मुलगा दहावीत आहे. शाळेनं सांगितलं, हजेरी भरा नाहीतर खेळ सोडा. आम्ही स्पर्धेची पत्रं आणि वेळापत्रक जूनमध्येच शाळेला दिलं, बुडालेल्या तासांची वही मित्रांकडून रोजच्या रोज फोनवर घेतली. प्रीलिम सुरू झाल्यापासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत क्यू कपाटात. तो रडला, पण कबूल झाला. एक गोष्ट त्याला सांगितली होती : टेरी ग्रिफिथ्स यांनी बस कंडक्टर, पोस्टमन, विमा एजंट अशा नोकऱ्या केल्या, तिशीत प्रोफेशनल झाले आणि पात्रता फेरीतून येऊन १९७९ मध्ये जगज्जेते झाले. काही महिने खेळ थांबला म्हणून काही बिघडत नाही.

मुंबई, रेफरी

आमच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही म्हणून लिहिते. खेळाडू हरला की घरी जातो, रेफरी फायनलपर्यंत थांबतो. मला निदान परतीची तारीख पक्की असते, तेवढं सोपं. पण दिवसभर उभं राहायचं, रात्रीचा सामना निर्णायक फ्रेमला (शेवटच्या डावाला) गेला तर बारा वाजतात. मी शाळेत शिकवते, म्हणून दिवाळी आणि मेच्या सुट्टीतल्या स्पर्धाच घेते. चांगल्या स्पर्धा नाकाराव्या लागतात, त्याचं वाईट वाटतं. आईचं दुखणं निघालं त्या वर्षी एकही घेतली नाही. पांढरे हातमोजे मात्र धुऊन तयार ठेवले होते.

नागपूर, पार्लर चालवतो

नोकरदार खेळाडूंसाठी मी सकाळी साडेसहाला एक टेबल उघडतो. रात्रीच्या गर्दीनंतर कापड खडूनं भरलेलं असतं, म्हणून आधी बॉल्क बाजूकडून (जिथून खेळ सुरू करतात) समोरच्या काळ्या चेंडूच्या दिशेनं, कापडाच्या लवीच्या अंगानं ब्रश, मग त्याच दिशेनं इस्त्री. अर्धा तास जातो. पण स्पर्धेच्या टेबलासारखा वेग मिळतो, आणि ज्याच्याकडे ऑफिसच्या आधीचा दीड तासच आहे त्याचा वेळ संथ कापडावर फुकट जाऊ नये. दोन बायका येतात, एक डॉक्टर, एक महापालिकेत. डॉक्टरबाई मुलाला सोबत आणतात, तो कोपऱ्यात गृहपाठ करतो आणि आठला त्याची व्हॅन इथूनच त्याला घेते. व्हॅनवाल्याशी मीच बोललो होतो.

दुसऱ्या गावच्या पार्लरवाल्यांनाही विचारून बघा, सकाळी टेबलं रिकामीच असतात. फक्त मे महिन्यात विचारू नका, तेव्हा सुट्टीतली पोरं पहाटेपासून टेबल धरतात. शाळा सुरू झाल्या की या.