बुद्धिबळात रॅपिड रेटिंग ११५०-१२०० च्या पुढे सरकत नाहीये: पुस्तकं, पट, घड्याळ, काय घ्यावं?

प्यादं_पुढे:
नमस्कार मंडळी. वय ३६, नांदेडला शाळेत शिकवतो. लहानपणी काकांबरोबर भरपूर खेळलोय, पण नोटेशन (खेळी लिहायची पद्धत), ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळींची) नावं वगैरे सगळं लॉकडाऊनमध्ये शिकलो. सध्या चेस डॉट कॉमवर रॅपिड (कमी वेळाच्या डावांचं) रेटिंग ११५०-१२०० च्या आसपास आहे आणि बरेच महिने तिथेच आहे. पांढऱ्याने लंडन ही ओपनिंग खेळतो, काळ्याने कॅरो-कान, दोन्हीचे व्हिडिओ पाहून झालेत. रोज मुलं झोपल्यावर साधारण तासभर मिळतो, रविवारी थोडा जास्त. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक तरी फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटेड क्लासिकल, म्हणजे लांब डावांची, स्पर्धा खेळायची फार इच्छा आहे, सांगली किंवा पुणे जिथे जमेल तिथे.

प्रश्न असे: (१) एकदोनच पुस्तकं घ्यायची तर कुठली, (२) लाकडी पट घ्यावा की प्लॅस्टिकचा, घड्याळ घ्यायचं का, (३) एका तासात नक्की काय करायचं. आणि एक खास अडचण म्हणजे हत्ती आणि एक प्यादं जास्त असताना पण डाव बरोबरीत सुटतात, समोरचा नुसता शह देत राहतो आणि राजाला लपायला जागाच सापडत नाही.

हत्ती_सातवीवर:
प्यादं_पुढे, पहिली गोष्ट, ओपनिंगचे व्हिडिओ आता पुरे. लंडन आणि कॅरो-कान दोन्ही चांगली आहेत, २००० रेटिंगपर्यंत आरामात पुरतील, त्यात अजून वेळ घालून या लेव्हलला काही मिळत नाही कारण समोरचा सहाव्या-सातव्या खेळीलाच पुस्तकाबाहेर जातो आणि मग तुम्हाला स्वतःच विचार करावा लागतो. तो विचार कसा करायचा हे शिकवणारं पुस्तक हवंय. माझ्या मते ते चेर्नेव्हचं 'लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह'. १९५७ चं आहे, ३३ डाव आहेत, आणि प्रत्येक डावातल्या प्रत्येक खेळीचं कारण दिलंय, अगदी पहिल्या ई४ चं (राजाचं प्यादं दोन घरं पुढे) सुद्धा, दर वेळी. दर डावात तेच तेच वाचतोय असं वाटेल पण त्यानेच मुरतं. लेखक थोडा हट्टी आहे, राजासमोरचं प्यादं कोणी एच३ केलं की लगेच त्याला दोष देतो, आजचे खेळाडू इतकं कडक मानत नाहीत. तेवढं सोडून द्या.

वाचायची पद्धत महत्त्वाची. पट मांडा, खराखुरा, मोबाईलवरचा नाही. पुढची खेळी पोस्टकार्डाने झाका, जिंकणाऱ्या बाजूने स्वतः खेळी ठरवा, मनात कारण बोला, मग कार्ड सरकवा. असा एक डाव व्हायला तास लागतो आणि लागू द्या, एका संध्याकाळी एकच डाव. पुस्तक जुनं घेणार असाल तर आत उघडून बघा, जुन्या आवृत्त्यांमध्ये 'पी-के४' असली जुनी इंग्रजी नोटेशन असते, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड घेताना हे हमखास बघायचं. नवीन आवृत्ती अल्जिब्रिकमध्ये, म्हणजे आजच्या 'ई४' पद्धतीत आहे.

दुसरं पुस्तक सिलमनचा एंडगेम (मोहरे कमी उरल्यावरचा डावाचा शेवट) कोर्स. २००७ चं. त्याची मांडणी रेटिंगप्रमाणे आहे, म्हणजे तुमच्या लेव्हलपर्यंतचे भाग वाचायचे आणि चक्क बंद करून ठेवायचं, पुढचं पुढे गेल्यावर. जाडजूड दिसतं पण तुम्हाला आत्ता त्यातला थोडासाच भाग लागणार आहे. हत्ती-प्याद्याची अडचण तिथेच सुटेल.

डी४_फक्त:
मी थोडा असहमत. ११५० ला एंडगेम कशाला? चार डाव उघडून बघा, तीन डावांत कोणीतरी घोडा किंवा उंट फुकट देतो आणि डाव तिथेच संपतो. आधी टॅक्टिक्स, म्हणजे दोन-चार खेळींचे डावपेच. फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला), पिन (मागच्या मोहऱ्यामुळे हलता न येणं), बॅक रँक मेट (शेवटच्या ओळीवर मात), एकेक थीम घेऊन लिचेस या साइटवर कोडी सोडवा, पूर्ण फुकट आहे, जाहिरात नाही, मेंबरशिप नाही. फक्त अंदाजाने खेळी मारू नका, समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. दहा कोडी अशी सोडवलेली पन्नास घाईच्या कोड्यांपेक्षा केव्हाही बरी. स्क्रीन नको असेल तर पोल्गारांचं ५३३४ कोड्यांचं जाडं पुस्तक आहे, त्यात बहुतेक दोन खेळींत मात आहेत, उशाशी ठेवून रोज सहा सोडवा.

हत्ती_सातवीवर:
@डी४_फक्त, टॅक्टिक्सबद्दल शंभर टक्के मान्य, अर्धा वेळ तिथेच जायला हवा. पण एंडगेम शिकल्याने मोहऱ्यांची ताकद कळते, पट मोकळा असतो म्हणून हत्ती किती लांब मारतो, राजा किती कामाचा आहे हे डोळ्यांना दिसतं. कापाब्लांकाचं १९२१ चं 'चेस फंडामेंटल्स' बघा, त्याची सुरुवातच साध्या मातींपासून आणि एंडिंगपासून होते, ओपनिंग नंतर येतं. (ते प्रोजेक्ट गटेनबर्गवर फुकट आहे, फक्त जुन्या नोटेशनमध्ये.)

आणि त्यांनी नेमकी अडचण विचारलीये तर नेमकं उत्तर देतो. @प्यादं_पुढे, पट घ्या आणि हे मांडा: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. खेळी पांढऱ्याची. प्यादं वजीर व्हायला एकच घर बाकी आहे पण स्वतःचा राजाच वाट अडवून बसलाय, आणि बाहेर आला की शह सुरू. उपाय असा की आधी हत्ती ई१ वर शह, काळा राजा डी७ ला गेला. आता हत्ती ई४! हीच ती खेळी, चौथ्या ओळीवर. मग राजा एफ७, शह, जी६, शह, एफ६, शह, जी५, आणि आता काळ्याने जी१ वरून शह दिला की पांढरा हत्ती जी४ वर मध्ये घालायचा. शह संपले, प्यादं वजीर झालं. याला ल्युसेना म्हणतात, हत्तीने पूल बांधणे असंही म्हणतात. सगळ्यात आधी हे हातात बसवा, दोन्ही बाजूंनी खेळून.

याची उलटी बाजू म्हणजे फिलिडोर, तुम्ही एका प्याद्याने मागे असताना बरोबरी कशी धरायची. तुमचा राजा त्या प्याद्यासमोर, आणि तुमचा हत्ती तुमच्या बाजूने मोजल्यास तिसऱ्या ओळीवर, म्हणजे समोरचा राजा पुढे येऊच शकत नाही. तो वाट बघून शेवटी प्यादं त्या ओळीवर ढकलतो, त्या क्षणी हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह द्यायचे, आता त्याच्या राजाला लपायला प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो. ही दोन चित्रं डोक्यात असली की हत्तीच्या एंडिंगमध्ये आपण कशाकडे चाललोय हे कळतं. लिचेसच्या प्रॅक्टिस विभागात दोन्ही कॉम्प्युटरविरुद्ध खेळून बघता येतात.

काळा_उंट:
पुस्तकांचं वरच्यांनी सांगितलंच, मी सामानाचं सांगतो, मला त्याची आवड आहे. लाकडी पट आत्ता नको. अमृतसरला फार सुंदर शीसमचे आणि बॉक्सवुडचे सेट बनतात, घोडा हाताने कोरलेला असतो आणि किमतीचा मोठा भाग त्या चार घोड्यांचाच असतो, कधीतरी नक्की घ्या, पण सराव आणि प्रवासासाठी वजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या मोहऱ्या आणि गुंडाळायचा व्हिनाइल पट याला तोड नाही. हजार-दीड हजारात उत्तम मिळतो. माप बघून घ्या: स्पर्धेच्या मापात राजा साधारण ९.५ सेंटीमीटर उंच, पटाचं घर ५ ते ६ सेंटीमीटर. दुकानात सोपी परीक्षा म्हणजे एका घरात चार प्यादी बसली पाहिजेत, त्याहून दाटी होत असेल तर पट लहान आहे. रंग हिरवा-क्रीम घ्या, डोळ्यांना त्रास होत नाही. काचेचे, चुंबकाचे, शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वगैरे सेट शोकेसमध्ये छान दिसतात पण त्यावर अभ्यास होत नाही, मोहरा ओळखण्यातच लक्ष जातं. स्टाँटन पद्धतीचेच, म्हणजे स्पर्धेत वापरतात त्या नेहमीच्या आकाराचे घ्या.

घड्याळ डिजिटलच, आणि इन्क्रिमेंटवालं, म्हणजे दर खेळीला काही सेकंद वाढवून देणारं. क्लासिकलला बहुतेक ९० मिनिटं अधिक दर खेळीला ३० सेकंद असा वेळ असतो, जुन्या चावीच्या घड्याळात ते जमत नाही. डीजीटी कंपनीचं उत्तम पण महाग, भारतीय बनावटीचं स्वस्तातलं सुद्धा व्यवस्थित चालतं. स्पर्धेचं माहितीपत्रक नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी पट आणि घड्याळ खेळाडूंनीच आणायचं असतं.

कृष्णाकाठ:
सांगलीचा उल्लेख आला म्हणून लिहायलाच बसलो. सर, जरूर या. इथे नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे बुद्धिबळासाठी आयुष्य वेचलं, भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. उन्हाळ्यात बुद्धिबळ खेळायला सांगलीसारखं गाव नाही असं मी मनापासून म्हणतो.

मी लहान मुलांना शिकवतो, त्यातून एक सांगतो. वर कोणी स्वतःच्या डावांबद्दल बोललं नाही आणि मला तेच सगळ्यात मोठं वाटतं. आठवड्यात एक तरी लांब डाव खेळा, ३०+२० (३० मिनिटं अधिक दर खेळीला २० सेकंद) किंवा त्याहून मोठा, आणि तो हाताने वहीत लिहा. संपल्यावर इंजिन (डाव तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) लावायचं नाही! आधी स्वतः पटावर मांडून बघायचं, कुठे विचार जास्त केला, कुठे भीती वाटली, कुठली खेळी सोडून दिली, ते खेळीच्या बाजूला मराठीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी स्टॉकफिश हे इंजिन. इंजिन कोण किती पुढे आहे याचा आकडा दाखवतं, +१.८ वगैरे, पण तुम्ही तिथे काय समजत होतात ते त्याला माहीत नसतं, ते तुमच्या वहीतच असतं. वीस-पंचवीस डाव झाले की स्वतःची खोड दिसायला लागते, कोणी किल्लेकोट उशिरा करतो, कोणाला मारामारी सुरू झाली की थांबवत नाही, कोणाला लांबून येणारा उंट दिसत नाही. मग कोडी पण त्याच थीमची घ्या.

स्पर्धेसाठी: एआयसीएफची (अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची) नोंदणी आधी करून ठेवा. क्लासिकलला खेळी लिहिणं सक्तीचं आहे, आणि आधी खेळायची मग लिहायची, उलटं चालत नाही. हात लावला तो मोहरा हलवायचा. बेकायदेशीर खेळी झाली तर समोरच्याला २ मिनिटं जास्त, दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. मोबाईल हॉलमध्ये नेऊच नका. रेटिंगचं दडपण घेऊ नका, मार्च २०२४ पासून फिडेचं किमान रेटिंग १४०० केलंय, म्हणजे समोर १४५० दिसला तरी तो पूर्वीच्या हजार-अकराशेतला असू शकतो.

प्यादं_पुढे:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ल्युसेना आत्ताच मांडून बघितलं, हत्ती जी४ वर मध्ये आल्यावर खूप आनंद झाला. चेर्नेव्ह आणि व्हिनाइल पट आज मागवतो, सिलमन नंतर. @कृष्णाकाठ सर, एक विचारायचं राहिलं, ३०+२० खेळायला ऑनलाइन कोणी मिळत नाही, दोन मिनिटांत कंटाळून निघून जातात, मग काय करायचं?

कृष्णाकाठ:
लिचेसवर लांब डावांची टीम लीग असते, लिचेस४५४५ नावाची, ४५ मिनिटं अधिक ४५ सेकंद, आठवड्याला एक डाव, वेळ दोघांनी ठरवायची. तिथे प्रतिस्पर्धी टिकून खेळतात. नाहीतर आपल्याच धाग्यावर जोड्या लावू, रविवारी सकाळी मी स्वतः तयार आहे.

डी४_फक्त:
मला पण धरा. रविवारी ९ नंतर कधीही.