फराळवाटपाचा दिवस आणि ऊसतोडीचा हंगाम

सेवाभावी क्लबांचे दिवाळीतील फराळवाटप म्हणजे केवळ फोटोपुरता सोहळा असतो, असे काहींचे मत आहे; ते मला अर्धेच पटते. आमच्या बीड जिल्ह्यात खरा प्रश्न वाटपाच्या दिवसाचा आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील असंख्य जोडपी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन, साखर कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या बेताने, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यामुळे ऐन सणात तांड्यावर पोहोचलेली चिवडा-करंज्यांची पाकिटे घ्यायला पुष्कळदा ओट्यावरची म्हातारी माणसेच उरलेली असतात. (त्यांनाही फराळ हवाच, हे निराळे.) तेव्हा कपडे आणि शिधा दसऱ्याच्या सुमारासच द्यावा, आणि मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांना स्वेटर व सतरंज्या पुरवाव्यात.

अशाच सेवाभावी क्लबांपैकी लायन्स क्लबांनी १९२५ मध्ये अंध व कर्णबधिर लेखिका हेलन केलर यांच्या आवाहनानंतर दृष्टिरक्षणाचे काम हाती घेतले, ते काही एका सणापुरते नव्हते. मोतीबिंदूचे शिबिर घ्यायचेच असेल, तर ते घरी राहिलेल्या या आजी-आजोबांसाठी घ्यावे. मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांच्यासोबत कोण जाणार, हे आधी ठरवावे, कारण मुलगा आणि सून तेव्हा उसाच्या फडात असतात.