मदत हवी आहे : आईचे गोंदण आणि हाकोनेतील ओनसेन

येत्या नोव्हेंबरमध्ये आईसोबत जपानमधील हाकोने या ओनसेनच्या (गरम पाण्याच्या झऱ्यांच्या) गावातील एखाद्या र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी सराईत) एक रात्र राहायचे आहे. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके आणि मनगटावर तुळशीवृंदावन आहे, तर तेथील बहुतेक सामायिक स्नानगृहांत टॅटूला मनाई असते. दोन र्‍योकानना ईमेल पाठवले. एकाने मनगटावर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावण्यास सुचवले, दुसऱ्याचे उत्तर आलेले नाही. हनुवटीवर पट्टी लावून गरम पाण्यात बसवणे मला तरी हास्यास्पद वाटते. पश्चिम जपानमधील किनोसाकी या ओनसेनच्या गावातील सातही सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो, हे ठाऊक आहे. मात्र आमचा मुक्काम टोकियोत असल्याने ते फार लांब पडते. खोलीलगतच्या खाजगी कुंडाचे भाडे परवडणारे नाही. तेव्हा तासाच्या हिशेबाने राखून ठेवता येणारे ‘काशिकिरी’ स्नानगृह हाकोनेत कोणत्या र्‍योकानमध्ये मिळते, आणि ते आधीच आरक्षित करावे लागते की पोहोचल्यावर?