मॅचचा आठवडा आणि माझ्या नावातला एम

मुग्धा_कोलंबस

काल सकाळी ऑफिसात पोचले तर दारावरच्या पाटीवर लाल चिकटपट्टीची फुली. अख्ख्या नावावर नाही, फक्त पहिल्या अक्षरावर. मुग्धातला एम गेला, उरलं उग्धा.

कोलंबसमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. नोव्हेंबरच्या या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात एम दिसला की फुली. इमारतींची नावं, खोल्यांच्या पाट्या, पार्किंगचे फलक, काही सुटत नाही. अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या हाडवैऱ्याचा, मिशिगनचा एम ना! वूडी हेज हे इथले दैवत झालेले कोच, ते तर मिशिगन हा शब्दच उच्चारत नसत. 'ती वरच्या अंगाची टीम' एवढंच. आपल्याकडे आज्जी नवऱ्याचं नाव घेत नसे, तसंच. भावना तेवढी उलटी.

तर त्या फुलीवरून २००६ आठवलं. ऑगस्टमध्ये सांगलीहून आलेली मी, चार जणी एका घरात, फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात एवढंच ज्ञान. एका सीनियरनं सांगितलं, विद्यार्थ्यांची तिकिटं घेऊन ठेव, विकता येतात. घेतली. नोव्हेंबरात बघते तर काय, आम्ही देशात पहिले, ते दुसरे, आणि दोघंही एकही मॅच न हरलेले! वर्गातल्या एका मुलानं माझ्या तिकिटाचे चारशे डॉलर देऊ केले. मी त्याला पुन्हा विचारायचीसुद्धा संधी दिली नाही.

शुक्रवारी, मॅचच्या आदल्या दिवशी, मिशिगनचे जुने कोच बो शेम्बेक्लर गेले. एकेकाळी ते वूडींच्याच हाताखाली होते, मग १९६९ ते ७८ अशी दहा वर्षं समोरासमोर. आठवडाभर मिशिगनला शिव्या घालणारा आमचा लॅबचा मॅनेजर त्या दिवशी जेवायलाच गेला नाही. मला कळेना, हे वैर आहे की सोयरिक.

शनिवारी मी लॅबमध्ये. स्टेडियम चालत दहा मिनिटांवर. आरोळी उठली की खिडकीची काच थरथरायची. मी वहीच्या कोपऱ्यात आरोळ्या मोजत बसले. ४२-३९ जिंकलो. रात्री पोरांनी आनंदाच्या भरात रस्त्यावर सोफे जाळले. जिंकल्यावर!

त्या चारशेत एक जाड कोट आला आणि थोडं घरभाडं निघालं. कोट अजून आहे. पण पहिला विरुद्ध दुसरा असा सामना या दोघांत त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. आणि मी आरोळ्या मोजत होते.

परवा, २९ नोव्हेंबर २०२५ ला, पुन्हा मॅच. सलग चार हरलोय, पोटात गोळा आहे. तुमच्या हाडवैराच्या मॅचचे अनुभव लिहा. फुटबॉलच हवा असं नाही.

स्वयंपाकघरातून

पहिली! उग्धा 😂😂 कुकर लावलाय, सविस्तर नंतर लिहिते.

निळा_कोट

सलग चार. हळू वाचा, चा-र. ४२-२७, ४५-२३, ३०-२४ आणि गेल्या वर्षी तुमच्याच घरी येऊन १३-१०. आमचं तर गेल्या वर्षी रँकिंगमध्ये नावसुद्धा नव्हतं 😁

बरं, चिडवून झालं. आता खरं सांगतो. २०२१ ची मॅच, अ‍ॅन आर्बर, म्हणजे आमच्या मिशिगनच्या घरी. त्याआधी आठ वेळा सलग हरलेलो (२०२० ला कोविडमुळे मॅचच झाली नाही, नाहीतर नऊ झाल्या असत्या, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो). अमेरिकेनं ८ नोव्हेंबरला लस घेतलेल्यांना दारं उघडली आणि कोविशील्डवाले बाबा दोन आठवड्यांत नागपूरहून इथे. आई त्याच मे महिन्यात गेली होती. बाबांना एकटं घरी कुठे ठेवायचं, म्हणून मॅचला घेऊन गेलो. बर्फ पडत होता. बाबांनी बॅगेतून माकडटोपी काढली.

लालभडक.

एक लाख सात हजार सहाशे एक माणसांचं स्टेडियम, सगळं निळंपिवळं, आणि मधोमध बाबा ओहायोच्या रंगात! मी म्हटलं, बाबा, काढा ती. म्हणाले, तुझ्या आईनं विणलेली आहे. विषय संपला.

पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ दर दोन मिनिटांनी वळून बघायचा. शेवटी म्हणाला, तुमच्या वडिलांना सांगा, रंग चुकलाय. मी त्याला टोपीचं सांगितलं. तो काही बोलला नाही. मध्यंतरात उठून गेला आणि दोन हॉट चॉकलेट घेऊन आला, एक बाबांना, एक मला. वर म्हणाला, 'पण आपण हरलो तर टोपीमुळे.'

बाबांनी तोवर खेळ कबड्डीत बसवला होता. 'चार चढाया, दहा यार्डाची बोनस लाइन, आणि तो भालाफेकवाला चढाई न करताच लांबून गुण आणतो.' याहून चांगलं मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

मुग्धा_कोलंबस

@निळा_कोट, ते 'चा-र' लिहिलंत ते वाचून तुमचं नावच घेणार नव्हते. टोपीपर्यंत आले आणि राग विसरले. बाबा कसे आहेत आता?

निळा_कोट

मजेत. शनिवारी इथले दुपारचे बारा म्हणजे नागपुरात रात्रीचे साडेदहा. जागणार म्हणतात.

पेठेतला_गडी

हातानं खेळत्यात आणि नाव फुटबॉल, हे कसलं ओ? आमच्या कोल्हापुरात या एकदा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, तालमींच्या नावानं संघ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल वाढवला असं गाव दुसरं दाखवा मला. मॅचच्या दिवशी पेठेत दुकानाचं शटर निम्मं खाली, गल्लीत मोठ्या पडद्यासारखा बॅनर, आणि चौकात येणारा जाणारा फक्त एकच विचारतो, 'टीम कशी हाय?'

आमच्या मामानं पोरगी दिली ती पलीकडच्या पेठेत. साखरपुड्याची तारीख ठरली आणि दोन दिवसांनी कळलं, फायनल त्याच संध्याकाळी. गुरुजी म्हणाले मुहूर्त चारचा. मुलाकडचे म्हणाले साडेसहाचा नाही का? मुलीकडचे म्हणाले आम्हाला पण साडेसहाचाच पाहिजे. दोन्हीकडनं एवढं एकमत नंतर कधी झालं न्हाई. साडेसहाला नवरदेव आला घसा बसलेला. हो म्हणाला का न्हाई, कुणाला ऐकू आलं न्हाई.

मी भिंतीवरून उतरताना चप्पल आत राहिली. अजून असंल तिथं.

सीमेवरचा

धागा वाचून राहवेना. ओहायो-मिशिगन वैर फुटबॉलच्या आधीचं आहे. पहिली मॅच १८९७ ची, भांडण १८३५ चं. टोलेडोच्या पट्ट्यावर दोघांचा हक्क. दोन्हीकडून शिबंदी निघाली, चिखलात भटकली. जखमी झाला तो एक मिशिगनचा अधिकारी, त्याला ओहायोवाल्यानं चाकूनं, तोही पेन्सिल तासायच्या छोट्या चाकूनं, भोसकलं. तो बरा झाला. शेवटी टोलेडो ओहायोला, आणि मिशिगनला त्याबदल्यात वरचं द्वीपकल्प. तेव्हा रडत घेतलं, नंतर तिथे तांबं आणि लोखंड निघालं.

शेंगा_आणि_गूळ

म्हणजे बेळगावसारखं!

सीमेवरचा

तेच लिहिणार होतो, मुद्दाम टाळलं.

स्वयंपाकघरातून

कृपया सीमाप्रश्न इथे नको, दुसरा धागा आहे. कुकर झाला. मी काही मॅच बघत नाही पण मुग्धाताई, तुमच्याकडे ते बकाय नावाचे लाडू असतात ना? मुलीच्या शाळेत कुणीतरी आणले होते.

मुग्धा_कोलंबस

हो! बकाय म्हणजे इथल्या एका झाडाचं फळ, तपकिरी, वर फिकट ठिपका, हरणाच्या डोळ्यासारखं. खरं फळ विषारी असतं. लाडू मात्र पीनट बटर, लोणी, पिठीसाखर मळून गोळे करायचे, फ्रिजमध्ये घट्ट करायचे, मग काडीला टोचून पातळ चॉकलेटमध्ये बुडवायचे. पूर्ण बुडवायचे नाहीत, वर डोळा उघडा ठेवायचा.

शेंगा_आणि_गूळ

शेंगदाण्याच्या कुटाचे होतील का? गूळ घालून?

मुग्धा_कोलंबस

मग तो शेंगदाण्याचा लाडू झाला ना 😄

टॉयलेटपेपर_आणि_मी

ऑबर्नमध्ये शिकलो, अलाबामा राज्य. तिथे मॅच जिंकली की गावातल्या टूमर्स कॉर्नरच्या झाडांवर टॉयलेट पेपरचे रोल फेकतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात तसलं काही व्रत असावं. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: वापरलेला तर नाही ना?

२०१३ ची अलाबामाविरुद्धची मॅच मी स्टेडियमात होतो. २८-२८, घड्याळात एक सेकंद. त्यांनी लांबून गोलची किक मारली, ती आखूड पडली. आमच्या ख्रिस डेव्हिसनं आपल्या गोलखाली झेलली आणि जो पळाला तो थेट पलीकडच्या टोकापर्यंत. ३४-२८. माझ्या शेजारी एक आज्जीबाई होत्या, त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि सोडेचनात. नखांचे वण सोमवारपर्यंत होते.

हे वैर किती वाईट थराला जातं तेही सांगतो. त्या कोपऱ्यावरच्या जुन्या ओक झाडांच्या मुळाशी अलाबामाच्या एका चाहत्यानं २०१० च्या मॅचनंतर विष ओतलं होतं. २०१३ च्या वसंतात ती झाडं तोडावी लागली. म्हणजे आम्ही ती मॅच जिंकून कोपऱ्यावर धावलो तेव्हा झाडं नव्हतीच. माझा विश्वास आहे की माणसांनी माणसांशी भांडावं, झाडांना मध्ये घेऊ नये.

पेठेतला_गडी

झाडाला इख? हे लै वंगाळ. आमच्यात दगड मारतील, झाडाला हात लावणार न्हाईत.

स्वयंपाकघरातून

दगड मारणं चांगलं का हो?

पेठेतला_गडी

न्हाई वैनी. तसं नव्हतं म्हणायचं.

रोखठोक_जोशी

माफ करा, विरजण घालतो. शिक्षणसंस्था आहेत की सर्कस? कितीतरी राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल कोच. आणि डोकी आपटून आपटून त्या पोरांच्या मेंदूचं पुढे काय होतं यावर कुणी अनुभव लिहिणार का?

निळा_कोट

मुद्दा बरोबर आहे. डोक्याच्या दुखापतींचं बघून मी माझ्या मुलाला खेळायला घातलं नाही. आणि तरी शनिवारी टीव्हीसमोर बसणार आहे. यात काही संगती नाही, मान्य.

मुग्धा_कोलंबस

जोशीकाका, एक बरीही गोष्ट सांगते. १९८२ पासून दोन्ही विद्यापीठांत मॅचआधी रक्तदानाची शर्यत लागते. कुणाकडे जास्त बाटल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं ते समाजसेवा म्हणून नाही, मिशिगनला हरवायला म्हणून. सुई बघून चक्कर आली, नर्स म्हणाली, 'त्यांची मुलं चक्कर न येता देतायत.' उठून बसले.

रोखठोक_जोशी

हे आवडलं. बाकी मत तेच.

कॉलेजस्टेशनकर

टेक्सस ए अँड एम विद्यापीठ. आमच्यात विद्यार्थी अख्खी मॅच उभं राहून बघतात, कारण आम्ही 'बारावा खेळाडू', बोलावलं तर उतरायला तयार. माझ्या चपट्या पायांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. टेक्सस विद्यापीठाशी वैर एवढं की त्यांच्या नावाची आद्याक्षरं छोट्या लिपीत लिहायची. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, त्यामुळे इथे त्यांचा अपमान करता येत नाहीये. २०११ नंतर मॅचच बंद झाली होती, गेल्या वर्षी सुरू झाली. मधल्या १२ वर्षांत जी मुलं शिकून गेली त्यांनी एकदाही न खेळता त्या टीमचा द्वेष केला.

पडद्यामागून

फुटबॉलचं काही कळत नाही. पण 'हाडवैर' म्हटलं की मला पुण्यातलं भरत नाट्य मंदिर आणि पुरुषोत्तम करंडक. आमची एकांकिका शेवटची, समोरचं कॉलेज आमच्या आधी. 'अरे आवाज कुणाचा' सुरू झालं की थिएटरचं छप्पर उडेल असं वाटायचं. मी विंगेत हातात कंदील धरून उभी, एकच वाक्य, तेही 'आले आले'. त्यांचं नाटक इतकं चांगलं झालं की आमचा दिग्दर्शक टाळ्या वाजवायला लागला. आम्ही त्याला चिमटे काढतोय, थांब रे, शत्रू आहेत! तो म्हणाला, चांगलं आहे तर काय करू.

आम्ही हरलो. मी 'आले आले' म्हणताना कंदील विझला होता.

पेठेतला_गडी

त्यो दिग्दर्शक आमच्या पेठेत असता तर घरला पोचला नसता 😂

मुग्धा_कोलंबस

शनिवार, सकाळचे नऊ. लाल स्वेटशर्ट, २००६ चा कोट सोफ्यावर (कुणी जाळू नका). लाडू केलेत, त्यातले दोन कुटाचे, @शेंगा_आणि_गूळ तुमच्यासाठी करून बघितले. चॉकलेट चिकटत नाही. मुलगा म्हणतोय अ‍ॅन आर्बरला बर्फाचा अंदाज आहे.

निळा_कोट

अंदाज आहे. नागपूरहून आत्ताच मेसेज आला: 'टोपी घातली आहे. लिंक पाठव.'

मुग्धा_कोलंबस

लाल टोपी आमची! बाबांना म्हणावं, आज कोलंबसला धरून बसा.

निळा_कोट

विचारलं. म्हणतात, टोपी आईची, टीम मुलाची.

शेंगा_आणि_गूळ

कूट ओलसर राहिलं असेल. शेंगदाणे खमंग भाजले होते का?