मदत हवी आहे: टाईलचं काम शिकू की प्लंबिंग? सोमवारच्या आत सांगा

उशिरा_आलेला
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. घरबांधणीच्या कामात पडायचं ठरवलंय. ठेकेदार म्हणतो, टाईलवाल्यांच्या टोळीत ये नाहीतर प्लंबरच्या हाताखाली जा, सोमवारी सांग. पुढे कशात जास्त वाव आहे? हात लवकर कशात बसतो? "मनाचं ऐका" छाप उत्तरं नकोत, मनाचं ऐकूनच इथवर आलोय.

ओळंबा
वय किती? आधी काय करत होतात? साईटवर उभे राहिला आहात की व्हिडिओ बघून ठरवलंय? ठेकेदार नव्या इमारतींचा की दुरुस्तीचा? मापं न देता खिडकी करून मागताय.

जुना_गुरमाळा
दोन्ही सोडा, गवंडीकाम धरा. वीट, प्लास्टर, लेव्हल कळली की बाकी सगळं त्याच्यावरच बसतं. टाईलवाला रडतो ते गवंड्याने भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, घेतली नाही म्हणून. मी पहिले सहा महिने नुसता माल कालवला, पण आज घमेल्यात थापी फिरवली की पाणी जास्त झालं का ते आवाजावरून कळतं.

फेज_न्यूट्रल
इलेक्ट्रिकचा विचार केलात का? परवाना काढावा लागतो, वेळ जातो, पण एकदा हातात आला की कुणीही सोम्यागोम्या तुमचं काम हिसकावू शकत नाही.

उशिरा_आलेला
तिसरं-चौथं विचारलेलंच नाही. दोनच पर्याय आहेत. वय ३१. आधी दुकानात हिशेब बघायचो. चार महिने याच ठेकेदाराकडे बिगारी आहे, म्हणजे पोती, घमेली, झाडलोट. नवी घरं बांधतो तो. आता सांगा.

जुना_गुरमाळा
३१ म्हणजे काही उशीर नाही. गवंडीकामच करा.

सांधा_तीन_मिलि
टाईलमध्ये बारा वर्षं झाली, म्हणून सांगतो. हात लवकर बसतो हे खरं. पण फरशी बसवता येणं वेगळं आणि बसवलेली टिकणं वेगळं. माझ्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात मला थापी दिलीच नाही. स्पंज आणि बादली, सांधे पुसायचे. मग एके दिवशी मी बसवलेली पहिली टाईल त्यांनी ओली असतानाच उचकटली आणि उलटी करून माझ्यासमोर धरली. मधे ताटलीएवढा माल चिकटलेला, चारही कोपरे कोरडे. "वरून छान दिसते ना?" एवढंच म्हणाले. दातेरी पट्टीने रेघा एकाच दिशेने ओढायच्या आणि टाईल दाबताना त्या रेघांना आडवी हलवायची, म्हणजे रेघा मोडतात आणि खालची हवा निघते, हे मला त्या कोरड्या कोपऱ्यांनी शिकवलं. पोकळ राहिलेली टाईल नाण्याने टिचकी मारली की लगेच वेगळी वाजते.
आणि एक. कटर कोरडा चालवू नका. ती धूळ साधी नसते, तिच्यात सिलिका असते आणि फुप्फुसात बसली की निघत नाही. पाणी सोडून कापा, मास्कही चांगला लावा, रुमालाने भागत नाही. आमच्या टोळीतल्या एका वडीलधाऱ्याला आता जिना चढवत नाही.

ढाळ_बघा
मी प्लंबिंगवाला, तेव्हा माझं मत कुठे झुकणार ते उघड आहे. टाईल लोकांना दिसते, आमचं काम भिंतीत गाडलं जातं. म्हणून चूक महिन्यांनी बाहेर येते आणि येते तेव्हा दुसऱ्याचं काम फोडूनच येते. पण त्यामुळेच चांगल्या प्लंबरला माणसं शोधत येतात. घर बांधून झाल्यावरही दुरुस्ती संपत नाही, टाईलवाल्याला मात्र पुढचं घर शोधावं लागतं.

सांधा_तीन_मिलि
@ढाळ_बघा बाथरूमची फरशी फोडून नवी बसवायची कामं कोण करतं मग?

ढाळ_बघा
फोडायची वेळ आमच्यामुळे येते हे आधीच कबूल केलंय की :)

ओळंबा
@उशिरा_आलेला एक राहिलं. तब्येत? पाठ, गुडघे, उंचीची भीती?

भविष्यवेधी
पाच वर्षांनी थ्रीडी प्रिंटर घरं छापणार आहेत. गवंडी, टाईल, प्लंबर सगळे घरी. संगणक शिका.

फेज_न्यूट्रल
@भविष्यवेधी प्रिंटर भिंत छापतो. आत वायर कोण ओढतं, पाईप कोण टाकतं, स्लॅबवर पाणी कोण मारतं? भिंत हा घराचा सोपा भाग आहे.

जुना_गुरमाळा
भिंत सोपी?? तीन मीटर उंचीत एक सूत ओळंब्याबाहेर न जाता वीट चढवून दाखवा, मग बोलू.

फेज_न्यूट्रल
सोपा म्हणजे यंत्राला सोपा, दादा. तुम्हाला उद्देशून नव्हतं.

उशिरा_आलेला
बाकी तब्येत ठीक. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी, गादी फाटली होती. पण पोती उचलतोय, काही होत नाही. प्रिंटरचं नंतर बघू.

ओळंबा
आणि हे आत्ता सांगताय?

सांधा_तीन_मिलि
थांबा. मघाचं सगळं विसरा. पोती उभ्याने उचलता. टाईलमध्ये दिवसाचे सहा-सात तास गुडघ्यावर, तेही पुढे झुकून, एका हाताने टाईल पेलत. गुडघ्याला गादीचे पॅड बांधले तरी वाकलेला गुडघा वाकलेलाच राहतो. माझे धड होते, तरी आता सकाळी पहिली दहा पावलं भिंत धरून टाकतो. मी टाईलवाला असून सांगतोय, नका येऊ.

जुना_गुरमाळा
म्हणूनच म्हणत होतो, गवंडीकाम उभ्याने होतं.

ओळंबा
पहाडावर, म्हणजे परांचीवर, दिवसभर चढउतार करून होतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने. शिडीच्या प्रत्येक पायरीला तोच पाय.

ढाळ_बघा
प्लंबिंगमध्ये गुडघे टेकावे लागत नाहीत असं म्हणणार नाही, सिंकखाली पडून काम करावंच लागतं. पण दिवसभर एकाच बैठकीत राहत नाही. सकाळी भिंतीत झिऱ्या, म्हणजे पाईपसाठी खाचा, मग पाईप कापणं, जोड, दुपारी टेस्टिंग. तरी एकदा डॉक्टरला नेमकं विचारा: दिवसाला किती वेळ उकिडवं बसलेलं चालेल? नुसतं "काम करू का" विचारलंत तर "जपून करा" एवढंच उत्तर मिळेल.

पाणी_पाझर
नमस्कार, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या वरच्या बाथरूमखाली छताला ओल येते. टाईलचे सांधे भरून घेतले तरी थांबत नाही. काय करावं?

ओळंबा
वेगळा धागा काढा हो.

ढाळ_बघा
@पाणी_पाझर ओल सतत आहे की आंघोळीनंतर वाढते? सतत असेल तर आधी सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. फिरत असेल तर प्रेशरच्या लाईनमध्ये गळती. फिरत नसेल तर ड्रेन आणि वॉटरप्रूफिंगकडे वळा: जाळीत बूच मारा, फरशीवर पाणी भरून पातळीची खूण करा आणि २४ तास तसंच ठेवा. फक्त सांधे भरून वॉटरप्रूफिंग होत नाही.

उशिरा_आलेला
माझा धागा आहे हा. @ढाळ_बघा, गेलोच प्लंबरकडे तर पहिले काही महिने नेमकं काय शिकवतात? पुन्हा चार महिने घमेली नकोत.

ढाळ_बघा
बरोबर विचारलंत. सोमवारी हो म्हणण्याआधी हेच त्यालाही विचारा. चांगला मिस्त्री असेल तर पहिल्या महिन्यात मापं घेणं, पाईप सरळ कापणं, कापलेली कड घासणं, जोड चिकटवायचं सोल्व्हंट लावणं हातात देतो. मग ड्रेनचा ढाळ, म्हणजे उतार. आम्ही साधारण १:४० धरतो, म्हणजे मीटरला २५ मिलिमीटर. ट्रॅपमध्ये, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या वाकात, ५० मिलिमीटर पाणी का उभं राहिलं पाहिजे आणि हवेची नळी नसेल तर ते का ओढलं जातं, हे जो समजावून सांगतो त्याच्याकडे राहा. "मी सांगतो तसं कर" म्हणणाऱ्याकडे फार दिवस काढू नका.
माझी चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी एक जोड कोरडा बसवून बघितला, नीट बसला, म्हणून पुढे गेलो. चिकटवायचाच राहिला. हाताने हलत नव्हता, साध्या पाण्याने गळला नाही. प्रेशर टेस्ट करायला वेळ नाही म्हणून मालक मागे लागले होते. टाकी भरून पंप चालू झाला त्या रात्री तो निसटला आणि नवं रंगवलेलं छत खाली आलं. तेव्हापासून चिकटवलेल्या प्रत्येक जोडावर पाईपपासून फिटिंगपर्यंत पेन्सिलीची एक आडवी रेघ मारतो. रेघ नाही तर जोड झालेला नाही. आणि टेस्टिंगशिवाय भिंत बुजवू देत नाही, मालक कितीही तापला तरी.

सांधा_तीन_मिलि
आम्ही टाईल लावायला येतो तेव्हा त्या रेघा दिसल्या की जिवात जीव येतो, खरं सांगतो.

जुना_गुरमाळा
आणि भिंतीत झिऱ्या मारताना आडव्या मारू नका लांबच लांब. विटेचं पोट कापलं जातं. प्लंबर लोक ऐकत नाहीत.

ढाळ_बघा
ऐकतो दादा. उभ्याच मारतो, जमेल तिथे.

उशिरा_आलेला
डॉक्टरला भेटलो. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उकिडवं नको म्हणाले, मधे उठून चालायचं, पायऱ्या चालतील. सोमवारी प्लंबरचं नाव सांगितलं. त्याला विचारलं, पहिल्या महिन्यात काय देणार? तो हसला आणि म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज एकोणीस तुकडे कापले, त्यातले सहा तिरके. सगळ्या कडा मीच घासल्या. पेन्सिल खिशात आहे.

ओळंबा
सहा म्हणजे ठीकच आहे. पाईपभोवती कागद गुंडाळा, दोन्ही कडा जुळवा आणि कडेने रेघ मारून कापा, तिरकं जाणार नाही.

पाणी_पाझर
मीटर फिरत नाहीये. बूच मारून पाणी भरलं, सकाळी खूण दोन बोटं खाली होती. आता टाईलवाल्याला बोलवू की प्लंबरला?