सीताफळाला फुलं भरपूर, फळ एकही नाही. हाताने परागीभवन कसं करायचं?

परसबाग_तळेगाव

नमस्कार मंडळी. घरामागच्या जागेत सीताफळाची दोन कलमं आहेत, एक बाळानगर आणि एक अर्का सहन. दोन्ही जमिनीत, चौथं वर्ष चालू. मे अखेरपासून फुलं येताहेत आणि देठासकट गळताहेत. मधमाश्या याव्यात म्हणून भोवती झेंडू लावलाय; माश्या झेंडूवर येतात, सीताफळाकडे फिरकत नाहीत. कुंपणावर पिवळ्या पॅशनफ्रूटचा एकच वेल आहे, त्याचीही तीच गत: फुलं सुंदर, फळ नाही. शिवाय दोन झाडांपुरती जागा शिल्लक आहे. पपई, आवळा, अंजीर यांतलं काय लावावं? परागीभवनाचा त्रास नसलेलं काही असेल तर तेच बरं.

केसरपराग

झेंडू राहू द्या, भाजीपाल्याला उपयोगी पडेल. पण सीताफळाचं काम मधमाशी करतच नाही. या फुलाच्या तीन जाड पाकळ्या जेमतेम उघडतात आणि आत जातात ते बारीक भुंगेरे. ते शहरी बागेत फार कमी असतात.

खरी अडचण वेळेची आहे. सीताफळाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, पण आधी स्त्रीभाग तयार होतो आणि पराग नंतर सुटतात. पराग बाहेर पडेपर्यंत त्याच फुलाची कुक्षी (स्त्रीकेसराचं पराग झेलणारं टोक) वाळलेली असते. म्हणून फूल स्वतःला फळवू शकत नाही, पराग दुसऱ्या फुलातून आणावे लागतात.

आधी दोन अवस्था ओळखायला शिका. पाकळ्यांची टोकं नुकतीच विलग झालेली, आत डोकावलं तर मधला शंकू पांढरा, घट्ट आणि वरचं टोक ओलसर चकचकीत दिसतं: हे मादी अवस्थेतलं फूल. पाकळ्या पूर्ण फाकलेल्या, पुंकेसर सैल होऊन पिवळट-तपकिरी झालेले आणि टिचकी मारली की खाली सांडतात: ही नर अवस्था.

सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण उमललेली फुलं तोडा आणि कोरड्या स्टीलच्या वाटीवर उलटी धरून झटका. पुंकेसर वाटीत पडतील. चित्रकलेचा २ किंवा ४ नंबरचा मऊ ब्रश त्यात घोळवला की पिवळी भुकटी केसांना चिकटते. मग अर्धवट उमललेलं फूल देठाजवळ दोन बोटांत धरा, एक पाकळी हलकेच बाजूला करा (मोडली तरी बिघडत नाही) आणि ब्रशचं टोक कुक्ष्यांवरून गोल फिरवा. दोन-तीन वेढे, सगळ्या बाजूंनी.

हे सगळ्या बाजूंनी फिरवणं फार महत्त्वाचं आहे. सीताफळ म्हणजे अनेक स्त्रीकेसर मिळून झालेलं एक फळ, आणि ज्या स्त्रीकेसराला पराग मिळाला त्याचाच डोळा भरतो. एका बाजूलाच ब्रश लागला तर ती बाजू फुगते, दुसरी खुरटते आणि फळ वाकडं होतं. बाजारात दिसणाऱ्या वेड्यावाकड्या फळांमागे बरेचदा हेच कारण असतं.

काम नऊच्या आत आटपा. ऊन चढलं की कुक्षी सुकते आणि परागही निकामी होत जातात. वाटी सावलीत ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आत दमटपणा धरतो. पाऊस पडत असेल तर त्या दिवशी सोडून द्या. भिजलेला ब्रश काही कामाचा नाही.

मे महिन्यातल्या गळीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. कोरड्या हवेत कुक्षी झपाट्याने वाळते, ब्रश फिरवूनही थोडीच फळं धरतात. मृगाचा पाऊस होऊन हवेत ओल आली की प्रमाण एकदम सुधारतं. तुमच्याकडे खरा हंगाम आत्ता सुरू होतोय.

अर्का सहनविषयी वेगळं सांगायला हवं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा संकर: फळ मोठं, गर भरपूर, बिया कमी. पण आपणहून फळधारणा तोकडी. त्याला हाताने परागीभवन करावंच लागतं आणि त्यासाठी पराग साध्या सीताफळाचे घ्यावेत. तुमच्याकडे बाळानगर शेजारीच आहे, जोडी उत्तम जमलीये.

वेलमांडव

पॅशनफ्रूटचं सांगतो. पिवळ्या जातीचा वेल स्वतःचे पराग स्वीकारत नाही. एकाच वेलावरच्या फुलांमध्ये कितीही ब्रश फिरवा, फळ धरणार नाही. दुसरा वेल लागेल आणि तो बियांपासून तयार झालेला, वेगळा हवा. याच वेलाची फांदी खोचून केलेलं रोप म्हणजे तोच वेल, त्याचा उपयोग शून्य. बरेच लोक इथेच फसतात.

जांभळी जात एकटी फळते, पण तिला थंड डोंगराळ हवा मानवते. शिवाय ती पहाटे उमलून दुपारच्या आत मिटते आणि पिवळी दुपारी उमलते, त्यामुळे दोघींची गाठ पडत नाही.

दुसरा वेल आला की दुपारी एक ते चारच्या दरम्यान काम करा. फुलात पाच परागकोश खाली तोंड करून असतात, त्यांच्या वर तीन कुक्षीदांडे. उमलताना दांडे ताठ उभे असतात, मग तासाभरात खाली वाकतात. वाकले की एका वेलाचे पराग बोटाने घेऊन दुसऱ्याच्या तिन्ही टोकांना लावा. जी फुलं दांडे वाकवतच नाहीत ती बहुधा फळत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. लावल्यावर दोनेक तास पाणी लागता कामा नये, ओले झालेले परागकण फुटतात.

निसर्गात हे काम मोठा काळा भुंगा करतो, तोच जो वाळक्या लाकडात भोकं पाडून राहतो. मधमाशी लहान पडते, पराग घेऊन जाते पण तिची पाठ कुक्षीपर्यंत पोचत नाही. कुंपणाशी वाळक्या लाकडाचा जाड ओंडका पडून राहू द्या, भुंग्याला घर मिळेल. आणि फुलं असताना कीटकनाशक मारू नका.

अंजीरवाडी

उरलेल्या दोन जागांसाठी माझं मत स्पष्ट आहे: एका जागी अंजीर. आपल्याकडचं पुणे अंजीर परागीभवनाशिवाय फळतं, त्याला ना दुसरं झाड लागतं ना विशिष्ट माशी. फक्त पाणी साचू देऊ नका आणि पानांवरच्या तांबेऱ्याकडे पावसाळ्यात लक्ष ठेवा.

आवळा एकटा लावू नका. त्याला वेगळ्या जातीचा जोडीदार हवा, उदाहरणार्थ कृष्णा आणि कांचन. झाड मोठं होतं, म्हणजे तुमच्या दोन्ही जागा तोच खाईल. शेजाऱ्यांकडे आवळा असेल तर गोष्ट वेगळी.

पपई चालेल, पण रोप निवडताना चुकू नका. देशी बियांपासून साधारण निम्मी झाडं नर निघतात. रेड लेडीसारख्या जातीत मादी आणि उभयलिंगी अशी दोनच प्रकारची झाडं येतात. एकच झाड ठेवायचं तर उभयलिंगी हवं, कारण मादी झाडाला पराग बाहेरून लागतात. म्हणून एका खड्ड्यात फूटभर अंतराने तीन रोपं लावा आणि फुलं दिसली की एक ठेवून बाकीची काढा. मादी फूल बुंध्याला फुगीर, गोल असतं आणि आत पुंकेसर नसतात. उभयलिंगी फूल लांबट, सडपातळ, आत पुंकेसर दिसतात. लांब लोंबत्या दांड्यांवर झुपकेच्या झुपके म्हणजे नर. कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाचीही फुलं नरासारखी होऊन गळतात; हवा उतरली की पुन्हा धरतात, तेवढ्यावरून झाड तोडू नका.

सीताफळाबद्दल एक पुरवणी. भुंगेरे यावेत म्हणून झाडाखाली सडकी फळं टांगायचा सल्ला दिला जातो. भुंगेरे येतात हे खरं, पण जवळपास पेरू असेल तर नको. सडक्या फळात फळमाशी वाढते आणि पेरूत अळ्या होतात. ब्रशच बरा.

परसबाग_तळेगाव

मनापासून आभार. दोन शंका. फळ धरलं हे कधी कळतं? आणि एका झाडावर किती फुलं फळवावीत?

केसरपराग

फळवलेल्या फुलाच्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधा, म्हणजे गोंधळ होत नाही. फसलेलं फूल काही दिवसांत देठासकट गळतं. धरलेल्याच्या पाकळ्या वाळून पडतात आणि देठावर हिरवी बारीक गाठ टिकून राहते. ती सुरुवातीला वाढत नाहीशी वाटते, घाबरून खतं ओतू नका. या काळात जास्त नत्र दिलं तर झाड फांद्या काढतं आणि गाठ टाकतं. पाऊस ओढ देईल तेव्हा पाणी मात्र नियमित हवं.

चौथ्या वर्षीच्या कलमावर पंधरा-वीस फळं पुरेत, अर्का सहनवर त्याहून कमी, कारण त्याचं फळ जड. शेंड्याच्या बारीक काड्यांवरची फुलं सोडा. जाड फांदीवरची, आतल्या बाजूची निवडा. तिथे फळ सावलीत राहतं आणि फांदी वाकत नाही.

बाळानगरचं फळ साधारण चार महिन्यांत काढणीला येतं. डोळ्यांमधल्या खाचा रुंद होऊन पांढरट-पिवळ्या दिसू लागल्या की काढा. गाठी लिंबाएवढ्या झाल्या की त्या खाचांत पिठ्या ढेकूण बसतो. बुंध्यावरून मुंग्या चढताना दिसल्या तर समजा तो आलाय. खोडाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे मुंग्यांची वाट बंद होते, आणि फळांवर निंबोळी तेल ५ मिली, थोडं साबणाचं पाणी, एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.