कोच स्वतः बोलतो तेव्हा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे कोच ट्विटरवर (आताच्या एक्सवर) येतात ते निव्वळ जाहिरातबाजीसाठी, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. कोच जॉन कॅलिपारींनी एप्रिल 2024 मध्ये केंटकी विद्यापीठाचा संघ सोडला, तेव्हा चाहत्यांचा निरोप स्वतः व्हिडिओ टाकून घेतला. पंधरा वर्षं या माणसावर जीव टाकणाऱ्यांना, आणि चिडलेल्यांनाही, ते त्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं. याचं मोल मोठं आहे.

हां, नवे खेळाडू ओढण्याचा भाग त्यात असतोच. त्यावर एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, लगाम आहे: 2016 पासून शाळकरी खेळाडूची पोस्ट कोचला लाइक किंवा रीट्वीट करता येते, पण त्याखाली कॉमेंट टाकता येत नाही. हे बंधन मात्र राहायलाच हवं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांवर आधीच काय कमी दडपण असतं?